गावाकडचा खाऊ, परगावचा पत्ता

बाजारात ज्याला ‘गिफ्ट हॅम्पर’ म्हणतात, तो व्यवहार म्हणजे निरनिराळ्या पाच-दहा वस्तू एका टोपलीत किंवा पेटीत नीट मांडून, त्या सर्वांची मिळून एकच किंमत ठरवून, मोबाइलवर मागणी घेऊन दुसऱ्याच कोणाच्या पत्त्यावर पोहोचवण्याचा व्यवसाय होय. यात पैसे देणारा एक, खाणारा दुसरा आणि टोपली भरणारा तिसरा असतो. तिघे तीन गावांत असतात आणि बहुधा एकमेकांना दिसतही नाहीत. दुकानाचे भाडे लागत नाही, घरातल्या एका खोलीत काम भागते आणि सुरुवातीचे भांडवल बेताचे पुरते, म्हणून लहान शहरांतील अनेक घरांना, त्यातही गृहिणींना, हा व्यवसाय आवाक्यातला वाटतो. तो सुरू करणे खरोखर सोपे आहे. तो वाढतो केव्हा आणि कशामुळे, हा प्रश्न अवघड आहे, आणि धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव डोळ्यांसमोर ठेवले तर त्याचे उत्तर अधिक स्पष्ट दिसू लागते.

शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा-वरवाडे ही २०११च्या जनगणनेनुसार पन्नास हजारांच्या आतली नगरपालिका आहे. सुरत-भुसावळ या ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गावर ते स्थानक आहे. मिरची, भुईमूग आणि धान्य यांची बाजारपेठ म्हणून पंचक्रोशीत त्याची ओळख आहे आणि मक्यापासून स्टार्च बनवणारा कारखानाही तेथे अनेक दशकांपासून आहे. अशा गावातील व्यावसायिकाने मुंबईहून चॉकलेटे, दिल्लीहून सुकामेवा आणि सुरतेहून रंगीत पेट्या मागवून त्यांचे हॅम्पर बांधायचे ठरवले, तर तीच टोपली मुंबईचा किंवा सुरतेचा व्यापारी त्याच्यापेक्षा स्वस्तात आणि एक दिवस आधी पोहोचवू शकतो. उलट नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाची कुरडई, काळा मसाला, शेव आणि भुईमुगाच्या शेंगदाण्यांची चिक्की यांनी भरलेली टोपली बाहेरच्या व्यापाऱ्याला तितक्या सहजी बांधता येत नाही. ऑनलाइन व्यवहाराने दुकान कोठे आहे हा प्रश्न दुय्यम केला, असे सर्रास म्हटले जाते. पण माल कोठला आहे, हा प्रश्न त्यामुळे उलट पुढे आला, हे या व्यवसायाकडे पाहताना प्रथम ध्यानात घ्यावे लागते.

दोंडाईचा ज्या खानदेशात येते, त्याला पाठवण्याची चाल नवी नाही. शेतात नवे पीक आले की त्यातला वाटा आप्तांकडे आणि शेजाऱ्यांकडे वानवळा म्हणून जातो. लग्नात रुखवत मांडले जाते. लेकीच्या बाळंतपणानंतर डिंक-मेथीच्या लाडवांसह बाळंतविडा जातो. आणि अधिक महिना, म्हणजे चांद्र व सौर वर्षांचा मेळ घालण्यासाठी सुमारे पावणेतीन वर्षांनी येणारा जादा महिना, आला की जावयाला तेहतीस अनारशांचे किंवा बत्ताशांचे वाण दिले जाते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधले जातात, सांजोऱ्या होतात. जिला येता आले नाही तिच्यासाठी डबा जातो. या सर्व प्रसंगांत काय द्यायचे, किती द्यायचे आणि कोणाकडे द्यायचे हे रूढीने आधीच ठरलेले असते. हॅम्पर विकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण ग्राहकाला गरज पटवून देण्याचे अर्धे काम रूढीनेच केलेले असते. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ; ज्याला पंचांग वाचता येते त्याला पुढल्या मागणीचा अंदाज जाहिरातीच्या आकड्यांपेक्षा अधिक भरवशाने बांधता येतो. मात्र प्रत्येक प्रथा विकाऊ नसते. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवात होणारे रोट अनेक कुळांत फक्त भाऊबंदांनीच खायचे असतात. त्यांची पाकिटे करून कोणी विकू लागला तर चार पैसे मिळण्याऐवजी तो गावाच्या मनातून उतरेल, आणि ते योग्यच होईल.

डब्याच्या प्रवासाला आतापर्यंत दोन वाटा होत्या. एक ओळखीची: धुळे-पुणे किंवा धुळे-मुंबई धावणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या चालकाकडे डबा द्यायचा, फोन नंबर चिकटवायचा आणि पहाटे मुलाने थांब्यावर येऊन तो घ्यायचा. शिकायला गेलेल्या मुलांची दिवाळी या वाटेने पोहोचत आली आहे आणि कुरिअरचा खरा स्पर्धक आजही हा चालकच आहे, कारण तो एका रात्रीत आणि फार थोड्या पैशांत काम करतो. दुसरी वाट टपालाची. माल हाती पडल्यावर पोस्टमनकडे पैसे भरण्याची व्हीपी पद्धत भारतात १८७७ साली सुरू झाली. आज ज्याला ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात तिचे हे जुने रूप होय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी संस्कृत कवीही होते. १९८६ साली स्पीड पोस्ट आले, २०१० साली फ्लिपकार्टने घरपोच रोखीची सोय दिली, २०१६ साली यूपीआय आले आणि २०१८ साली व्हॉट्सॲपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे ॲप काढले. दोंडाईचा येथून, ४२५४०८ या पिनकोडवरून, निघालेली टोपली आज ज्या यंत्रणेच्या आधारे जाते ती अशी थराथराने जमलेली आहे. त्यातील यूपीआयचा थर लहान व्यावसायिकाला विशेष तारणारा ठरला, कारण पैसे आधी हाती आले की पार्सल नाकारून परत येण्याचा धोका जवळजवळ संपतो. रोखीच्या मागणीत ग्राहकाने दार उघडलेच नाही तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे विकणाऱ्यावर पडते आणि पंधरा दिवस फिरून आलेली शेव पुन्हा विकताही येत नाही.

शेतीच्या गावातून भेटीच्या पेट्या पाठवून मोठ्या झालेल्या व्यवसायाचे जगातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या मेडफर्ड या गावचे आहे. तेथे हॅरी आणि डेव्हिड या रोझेनबर्ग बंधूंच्या वडिलांनी १९१०मध्ये नासपतीची बाग घेतली होती. ही फळे युरोपातल्या महागड्या हॉटेलांत जात. १९२९नंतरच्या महामंदीत तो बाजार बसला. तेव्हा भावांनी १९३४ साली टपालाने फळे विकायचे ठरवले आणि नमुन्याच्या पेट्या घेऊन मोठ्या शहरांतल्या व्यापारी कंपन्यांच्या प्रमुखांना गाठले. त्या मंडळींनी ती फळे स्वतःसाठी घेण्यापेक्षा आपल्या गिऱ्हाइकांना भेट म्हणून पाठवण्यासाठी घेतली आणि येथूनच व्यवसायाला वळण लागले. पुढे दरमहा वेगळे फळ घरी पोहोचवण्याची योजना निघाली आणि ‘हॅरी अँड डेव्हिड’ हे नाव अमेरिकी घरांत नाताळच्या भेटीशी जोडले गेले. त्यांच्याजवळ स्वतःची बाग होती, ही या यशाची पहिली अट होती. पण हीच कंपनी मार्च २०११मध्ये दिवाळखोरीत गेली, कारण डोक्यावर कर्ज होते आणि वर्षाची बहुतेक कमाई नाताळच्या काही आठवड्यांवर अवलंबून होती. तो एक हंगाम उणा गेला की सावरायला जागा उरत नव्हती. २०१४ साली ‘१-८००-फ्लॉवर्स’ या ऑनलाइन फुले विकणाऱ्या कंपनीने ती सुमारे १४.२५ कोटी डॉलरना विकत घेतली. दोंडाईच्याच्या उद्योजकाने या कथेचा पूर्वार्ध जितक्या उत्साहाने वाचावा तितक्याच काळजीने उत्तरार्धही वाचायला हवा.

हंगामाचा हा प्रश्न खानदेशी टोपलीत अधिक तीव्र होतो, कारण तिच्यातला सर्वांत मोलाचा माल वाळवणाचा असतो. बिबड्यांसाठी ज्वारी भिजवून भरडायची, कण्या शिजवून घट्ट चीक करायचा, त्यात लसूण, मिरची आणि तीळ घालायचे आणि ओल्या कापडावर हाताने गोल थापून कडक उन्हात वाळवायचे. कुरडईसाठी गहू दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवायचा, वाटून-गाळून चीक काढायचा, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. निवाला तर तो सोऱ्यातून उतरत नाही. ही कामे पहाटे सुरू होतात, चार घरच्या बाया एकत्र आल्याशिवाय होत नाहीत, आणि त्यांना चैत्र-वैशाखाचेच ऊन लागते. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या टोपलीत जाणारा माल एप्रिल-मेमध्ये तयार करावा लागतो. धान्य, तेल, मजुरी यांचा पैसा उन्हाळ्यात जातो आणि परत येतो तो दिवाळीत. मधले पाच-सहा महिने तो माल पावसाळी हवेतून सांभाळायचा असतो. मिरचीचे वेळापत्रक याच्या उलटे आहे: लाल मिरचीची आवक दिवाळीनंतर जोर धरते, त्यामुळे दिवाळीच्या टोपलीत घालायचा मसाला मागल्या हंगामाच्या मिरचीचा असतो, आणि मिरचीत ओल राहिली किंवा तिला उजेड लागत राहिला तर तिचा रंग उतरतो. शेवेसारखा तळलेला माल तर आयत्या वेळीच करावा लागतो, कारण तेलाला हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खवट होते आणि पाकीट नीट बंद नसले तर शेव दमट होऊन मऊ पडते. पाकिटातील हवा काढून नायट्रोजन भरण्याचे यंत्र याच कारणासाठी वापरतात. एकाच टोपलीत सहा महिने आधी केलेली कुरडई, दहा महिने जुनी मिरची आणि परवा तळलेली शेव शेजारी बसतात, आणि प्रत्येकीवर ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ अशी वेगळी तारीख छापावी लागते. या तारखांचा हिशेब ठेवणे हेच या धंद्यातले खरे व्यवस्थापन आहे.

भाड्याचा हिशेबही वरवर दिसतो तसा नसतो. कुरिअर कंपन्या पार्सलचे खरे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर पैसे घेतात. आकारमानाचे वजन काढण्याची प्रचलित रीत अशी, की खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ५००० ने भागायचे. ४० × ३० × २५ सेंटिमीटरच्या खोक्यात बांबूची टोपली, तिच्या तळाशी कागदी चुरा आणि वर रिबीन बांधून अडीच किलो माल बसवला तर आकारमानाचे वजन ६ किलो भरते. म्हणजे साडेतीन किलो पोकळीचे भाडे भरले जाते. तोच माल ३० × २२ × १४ सेंटिमीटरच्या खोक्यात नीट रचला, तर आकारमानाचे वजन दोन किलोच्या आत राहते आणि पैसे खऱ्या वजनाचेच पडतात. कुरडई आणि शेव हे हलके पण जागा खाणारे आणि तुटणारे पदार्थ. मसाला, चिक्की आणि पापड हे कमी जागेत बसणारे. त्यामुळे टोपलीची रचना करणाऱ्याने चव आणि रंग यांच्याइतकाच घनतेचा विचार केला पाहिजे. गोल टोपलीचा मोह सोडून चौकोनी पेटीकडे वळणे हा अशा व्यवसायाच्या वाढीतील निर्णायक टप्पा असतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

याहून गुंतागुंतीचा आहे तो कराचा प्रश्न. २०१७च्या वस्तू व सेवा कर कायद्यात ‘मिश्र पुरवठा’ अशी संज्ञा आहे. ज्या वस्तू एरवी स्वतंत्रपणे विकल्या जातात त्या एकत्र बांधून एकाच किमतीला विकणे, हा तिचा अर्थ. कायद्याने तेथे दिलेले उदाहरणच मुळी डबाबंद पदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, शीतपेये आणि फळांचे रस यांच्या एकत्र पुड्याचे, म्हणजे हॅम्परचे आहे. अशा पुरवठ्यात ज्या वस्तूवर सर्वाधिक कर, तोच दर संपूर्ण पुड्याला लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार शेव-चिवड्यासारख्या नमकीनवर, सुक्यामेव्यावर आणि चॉकलेटवर ५ टक्के, अत्तरावर १८ टक्के आणि वायूयुक्त शीतपेयावर ४० टक्के कर आहे. पापडावर काहीच नाही. आता हजार रुपयांच्या टोपलीत चाळीस रुपयांची शीतपेयाची बाटली घालून एकच किंमत लावली, तर पन्नासच्या जागी चारशे रुपये कर देय होतो. वस्तूंच्या किमती वेगवेगळ्या लावून त्या स्वतंत्रपणे विकल्याचे बिल केले तर प्रत्येकीला तिचा तिचा दर लागतो, पण मग ‘एवढ्याला एक टोपली’ या सुटसुटीत जाहिरातीला मुरड घालावी लागते. लहान व्यावसायिकांना हा नियम सहसा माहीत नसतो आणि तो समजावून सांगणारेही त्यांना कमी भेटतात, ही चिंतेची गोष्ट आहे.

आणि येथेच दोंडाईच्याचे भौगोलिक स्थान अडचणीचे ठरते. लोहमार्गाने सुरत येथून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई आणि पुणे त्याच्या दीडपटीहून दूर. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेल्या कुटुंबांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत; कापडगिरण्या आणि यंत्रमाग यांनी त्यांना तेथे नेले. नवसारीचे खासदार आणि केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील यांचा जन्मही जळगाव जिल्ह्यातलाच. बिबडे म्हणजे काय हे ज्यांना सांगावे लागत नाही, असे ग्राहक सर्वांत जास्त जेथे आहेत ती बाजारपेठ ही, पण ती राज्याच्या सीमेपलीकडे आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन मंचावरून राज्यांतर्गत विक्री करणाऱ्यांनाही ही सवलत अटींसह मिळाली. करपात्र माल परराज्यात पाठवायचा असेल तर मात्र, काही हस्तकला वस्तूंचा अपवाद वगळता, पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक ठरते, आणि लहान व्यापाऱ्यांसाठी असलेली ठोक दराची कंपोझिशन योजनाही परराज्यातल्या विक्रीला चालत नाही. केवळ करमुक्त पापडच विकणारी बाई नोंदणीविना सुरतेला माल पाठवू शकते. त्याच पार्सलमध्ये शेवेचे एक पाकीट गेले की तिला नोंदणी, विवरणपत्रे आणि हिशेबनीस हे सारे करावे लागते. दोनशे किलोमीटरवरच्या आपल्याच माणसांना खाऊ पाठवताना जो अडथळा येतो, तो त्याहून कितीतरी दूरच्या गडचिरोलीला पाठवताना येत नाही. मोठ्या कंपनीला ही तरतूद जाणवतही नाही. सीमेलगतच्या लहान उत्पादकाची वाढ मात्र ती नेमकी तेथेच रोखते, आणि हस्तकलेला दिलेला अपवाद घरगुती खाद्यपदार्थांनाही मिळाला पाहिजे.

अन्न विकणाऱ्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. आणलेला माल फोडून पुन्हा भरणाराही यातून सुटत नाही. वजनमापे खात्याच्या नियमांनुसार उत्पादकाचे वा भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर असावे लागते. हे नियम जाचक वाटले तरी टाकाऊ नाहीत. बनवणारीचे नाव आणि गाव पाकिटावर आले, तर अनोळखी ग्राहकाला तेच विश्वासाचे कारण होते.

बनवणाऱ्यांच्या संघटनेचा जो नमुना मुंबईत उभा राहिला, त्याचा उल्लेख येथे टाळता येत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती भगिनींनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही संस्था वाढली आणि आज पंचेचाळीस हजारांच्या आसपास स्त्रिया तिच्या भागीदार आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तेथे पीठ एका ठिकाणी मळले जाते, लाटणे घरोघर होते, तपासणी पुन्हा एका ठिकाणी होते. चव सारखी राहण्याचे रहस्य या व्यवस्थेत आहे. दोंडाईच्याच्या टोपलीला मागणी पन्नासावरून पाचशेवर गेली की पहिला पेच हाच पडतो, कारण प्रत्येक घरची बिबड्याची लसूण-मिरची वेगळी असते. चीक एका ठिकाणी शिजवून थापण्याचे काम वाटून देणे, हा लिज्जतचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. बचत गटांना त्यासाठी २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून प्रत्येक सदस्येमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रसामग्रीवर ३५ टक्के अनुदान देण्याची तरतूद केली गेली. वाळवणात सहा महिने अडकणाऱ्या पैशाला खरा आधार या बीजभांडवलाचाच होतो.

बनवणारा आणि नुसता बांधून विकणारा यांच्यातला फरक आणखी एका ठिकाणी दिसतो. दिवाळीत कारखाने, पतपेढ्या, रुग्णालये आपल्या माणसांसाठी शे-दोनशे हॅम्पर एकदम घेतात; ही मागणी भरघोस असते, पण पैसे महिनोन्‌महिने लांबतात. सूक्ष्म व लघुउद्योगाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकते करावे, असे २००६चा कायदा सांगतो, आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदत उलटलेल्या देण्याची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही. हे संरक्षण उद्यम नोंदणी केलेल्या उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. व्यापाऱ्याला २०२१ पासून ही नोंदणी करता येते, परंतु तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य-कर्जापुरताच ठेवलेला आहे. म्हणजे तयार पाकिटे आणून टोपली बांधणाऱ्याचे पैसे अडकले तर त्याला या कायद्याचा आधार घेता येत नाही. स्वतः पापड-मसाला करणाऱ्या गटाला तो घेता येतो.

परदेशातल्या मुलांना जाणाऱ्या फराळाचे गणित २०२५ साली एकाएकी बदलले. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली जकातमाफी २९ ऑगस्टपासून रद्द झाली. त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले घेणे थांबवले. ही सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होते २१ तारखेला. त्या वर्षी टपालावर विसंबलेल्या व्यावसायिकांसाठी अमेरिकेची दिवाळी व्यवहारात हुकलीच. ज्यांच्या टोपलीत वाळवण आणि मसाला होता त्यांचा माल संक्रांतीपर्यंत थांबू शकला. ज्यांनी चकल्या, करंज्या आणि शेव आधीच तळून ठेवली होती, त्यांना ती गावातच मिळेल त्या भावाने विकावी लागणार हे उघड होते.

पुढल्या दिवाळीचे बिबडे त्यामुळे चैत्रात किती थापायचे, याचा निर्णय आता गव्हा-ज्वारीच्या भावाबरोबरच सुरतेच्या नोंदणीचा खर्च, पेटीचे माप आणि अमेरिकेची जकात पाहून घ्यावा लागतो, आणि तो होळीच्या आत घ्यावा लागतो, कारण पाडव्यानंतर ज्वारी निवडायला बसणाऱ्या बायांना तोवर सांगून ठेवावे लागते.